पार्बताबाईच्या कन्या

अमरावतीच्या बुधवारा पेठेत पहाटे आधी कोंबडा आरवतो की पार्बताबाई, अशी पैज कोणी लावली असती तर कोंबड्यावर पैसे लावणारा बुडाला असता. जात्यावर बायका ओव्या म्हणतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण पार्बताबाईचा गळा असा, की तिनं एक ओळ म्हटली तर शेजारचं वासरू दावं तोडून पळायचं. म्हणून ती ओव्यांच्या फंदात पडली नाही. ती जात्यावर बसून लोकांची हजेरी घ्यायची. कोणाच्या गव्हात खडे निघाले, कोणाच्या सुनेनं ज्वारी न निवडता पाठवली, कोण श्रीमंत असून किडकं धान्य खातो, हे सगळं जात्याच्या घरघरीबरोबर गल्लीभर ऐकू जायचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि सरकारच्या बातम्या नागपुराहून यायच्या. बुधवाऱ्याच्या बातम्या मात्र पार्बताबाईच्या ओसरीवरून निघायच्या, आणि त्या जास्त खऱ्या असायच्या.

नवरा जिनिंगमध्ये सरकीच्या गाड्या हाकायचा, तो तिशीतच तापानं गेला. ना मूल ना बाळ. "म्हातारपणी तुले पानी कोन पाजन वं?" असं बायका हळहळून विचारायच्या. "मडकं उशापाशी ठेवीन," असं ती सांगायची. मग बायकांची हळहळ जराशी ओशाळायची.

तिच्याकडे आठ घरांचं दळण होतं. दळणामागं ठरलेलं धान्य मिळे आणि सणाला लुगडं. पीठ कसं उतरलं हे ती डोळ्यांनी पाहत नसे. चिमूटभर पीठ अंगठ्यानं तर्जनीवर घासायचं, की झालं. अंगठ्याला तिच्या लेखी फार मोल होतं. ती स्वतः मात्र पीठ कमीच खायची. तिचं जेवण म्हणजे कण्या. जात्याच्या खुंटीत चिंधीचं वेटोळं घालून वरची पाळ केसभर उचलायची, पाण्याचा हात लावलेली ज्वारी भरडायची, पीठ चाळून काढायचं, फोलपट पाखडायचं, आणि उरलेल्या जाड्या कण्या ताकात शिजवायच्या. सोबत अंबाडीची भाजी. शहाणी माणसं लिहिताना 'कण्या' लिहितात, पण वऱ्हाडात 'ण'साठी कोणी जीभ वाकडी करत नाही. पाण्याचं पानी होतं, लोण्याचं लोनी होतं, आणि कण्यांच्या होतात कन्या, कधी तर एकवचनातही: 'कन्या शिजली'. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळा गोंधळ याच एका अक्षरानं घातला.

तर असं बरं चाललेलं असताना वली मिस्त्रीनं चौकात पिठाची गिरणी टाकली.

वली त्याच गल्लीतला. जिनिंगमध्ये फिटर होता, तिथलंच एक जुनं इंजिन त्यानं उचललं आणि तेलपाणी करून चालू केलं. पहिल्या दिवशी 'पुक पुक पुक' आवाज सुरू झाला तेव्हा अर्धी पेठ तमाशा पाहायला गेली. पार्बताबाईला ज्या दळणाला सकाळ लागायची, ते वलीची गिरणी पान लावून खाईस्तोवर करून द्यायची. लोकांचं तरी काय चुकलं? दिवाळीच्या आत आठातली सात घरं गेली. एकाही घरानं तोंडानं "उद्यापासून नको" म्हटलं नाही, नुसता डबा यायचा थांबला. पार्बताबाईला राग आला तो याचाच.

ती सरळ गिरणीवर गेली. चालत्या पन्हळीतून पडणारं पीठ चिमटीत घेतलं, अंगठ्यानं घासलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"वली, हे तं तापलं हाय!"

"मशीन हाय मावशी, तापनारच."

"मानूस तापला तं आपन त्याले काढा देतो. तू पीठ तापवून लोकाइले खाऊ घालतं?"

रांगेतल्या बायका हसल्या. वलीही हसला, पण मग हात पुसत जवळ आला. लहानपणी याच बाईच्या ओसरीवर बसून त्यानं गुळाचे खडे खाल्ले होते. "मावशी, खुदा की कसम, तुमच्या पोटावर पाय देयाचा इरादा नव्हता. मी नसती लावली तं दुसऱ्यानं लावली असती."

"मंग त्याले शिव्या देल्या असत्या. आता तुले देतो," असं म्हणून पार्बताबाईनं त्या तिथंच दिल्या, आणि घरी आली. घरी येऊन मात्र तिनं जात्याला हात लावला नाही. गल्लीला त्या दिवशी कोणतीच बातमी कळली नाही.

तिची परिस्थिती भावाच्या कानावर गेली. भाऊ जानराव बडनेऱ्याच्या पलीकडं, मूर्तिजापूरच्या वाटेवर एका खेड्यात राहायचा. माणूस चांगला. तो आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, एका मानसाची भाकर आपल्या घरी जड नाई. संक्रांत झाली का मी गाडी घेऊन येतो. जातं राहू दे इथंच, घरी मोठं हाय."

भावजयही चांगली होती. हीच तर अडचण. वाईट असती तर भांडून नाही म्हणता आलं असतं. पार्बताबाईला भीती वाटायची ती वाढलेल्या ताटाची. दुसऱ्याच्या घरी आपल्याला भूक कधी लागली हे दुसऱ्यानं ठरवायचं, अर्धी भाकर जास्त लागली तर आवंढा गिळायचा, आणि खाल्ल्या अन्नाला गोड म्हणत राहायचं. पंचवीस वर्षं तिनं आपली चूल आपण पेटवली होती. संक्रांतीपर्यंत ही चूल टिकवायला काही सापडलं तर ठीक, नाहीतर गाडी. तिनं भावाला "बरं" म्हटलं आणि तो गेल्यावर डोळ्यांना पदर लावला. हे कोणी पाहिलं नाही, म्हणून मी सांगतो.

आठवं घर अजून शिल्लक होतं. मोरोपंत वकिलांचं.

मोरोपंत हे बड्या मनाचे आणि बड्या पोटाचे गृहस्थ. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी कुंदा अकोल्याला दिलेली, घरात आचाऱ्याचं राज्य. सार्वजनिक कामाची त्यांना मनापासून हौस होती. त्याच हिवाळ्यात नगरपालिकेच्या सभागृहात त्यांनी 'यंत्रे आणि बेकारी' या विषयावर दीड तास भाषण केलं. विलायतेत यंत्रानं ज्याचं काम गेलं त्याला सरकार घरबसल्या पोटाला देतं, मग आपल्या वऱ्हाडात का देऊ नये? आपणच एक निधी उभारू! टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच संध्याकाळी त्यांचा आचारी गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन वलीच्या गिरणीकडे चालला होता. आठवं घरही गेलं. मोरोपंतांना याचा पत्ताच नव्हता. घरात पीठ कुठून येतं हे ठाऊक असलेला वकील मी तरी पाहिलेला नाही.

निधीच्या यादीत त्यांनी पहिलं नाव पार्बताबाईचं घातलं आणि तिला बोलावून घेतलं. छापील अर्ज पुढं केला. अर्जाच्या तळाशी होतं, 'खाली अंगठा करणार निराधार इसम'.

"निराधार म्हन्जे का वकीलसायेब?"

"म्हणजे ज्याला कोणाचाच आधार नाही असा माणूस."

"मंग मी कशी? माहे हात हायेत नं."

"अहो बाई, ही भीक नाही, हा तुमचा हक्क आहे!" मोरोपंत कळवळून म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

"हक्क हाय नं? मंग तुमचं दळन माह्याकडे पाठवा. तो बी हक्कच हाय."

मोरोपंतांनी तोंड उघडलं. पण त्यातून युक्तिवादाऐवजी एक लांबलचक ढेकर निघाला. तिनं अंगठ्याला शाई लावून घेतली नाही ती नाहीच.

त्या ढेकराचीही एक कथा होती. सकाळी साखरेचा चहा आणि पुऱ्या, दुपारी बारीक तांदळाचा भात, रात्री मैद्यासारख्या मऊ पिठाच्या पोळ्या, वर श्रीखंड नाहीतर बासुंदी. ज्वारी म्हणजे गड्यामाणसांचं खाणं, आणि कण्या म्हणजे तर दरिद्र्याची खूणच. चालणं घरापासून बग्गीपर्यंत. परिणाम व्हायचा तो झाला. चार-चार दिवस पोट साफ होईना, तहान भागेना, कोर्टात उभ्या उभ्या गुडघे वाकायचे. एकदा तर उलटतपासणी चालू असतानाच त्यांना डुलकी लागली, आणि साक्षीदारानं त्यांना हलवून जागं केलं.

तेव्हा डॉक्टर गोपाळकृष्ण आले. पुण्याहून नुकतेच अमरावतीत दवाखाना टाकलेले, तरुण, हुशार आणि फार गंभीर. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात वकिलांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळा रंग बघता बघता विटकरी झाला.

"साखर आहे. भरपूर आहे. आजपासून साखर बंद, भात बंद, मऊ पोळ्या बंद, पुऱ्यांचं तर नावच काढू नका."

"मग खाऊ काय? कोर्टाचे स्टँप?"

आता डॉक्टरांची पंचाईत झाली. त्यांच्या पुस्तकात जे पथ्य होतं ते विलायती डब्यातलं. ते अमरावतीत मिळेना, आणि इथली माणसं काय खातात हे त्यांना कळलेलं नव्हतं. विचार करत ते मागच्या अंगणात आले. तिथं पार्बताबाई आपली चाळणी परत न्यायला आली होती. वीस वर्षं त्या घरात राहिलेली चाळणी काखोटीला मारून ती निघालीच होती. डॉक्टरांना वाटलं, जुनंजाणतं माणूस आहे, विचारून पाहावं.

"बाई, तुमच्याकडे वयस्क माणसांची प्रकृती अशी बिघडली, पोट धरलं, तर काय उपाय करतात हो?"

"उपाय? कन्या देतेत."

डॉक्टर चमकले. "कन्या देतात?"

"नाई तं का! वकीलसायबाले कन्या भेटली नाई म्हनूनच हे सारं होऊन राहिलं. बाईसायेब गेल्या, मंग कोन पाहते? आचारी थोडीच पाहीन!"

डॉक्टरांना बोलण्यात तथ्य वाटलं. पाच वर्षांचा विधुर, पथ्यपाणी बघायला घरात कोणी नाही. "पण या वयात..."

"वयाचं का घेऊन बसले? माहा सासरा सत्तर वर्साचा होता. कन्या नाई दिसली तं तो ताटावर बसे नाई."

"अरे बापरे! आणि... म्हणजे, कशी पाहावी लागेल?"

"बारीक नको. जाडीभरडीच पाहिजे. गावरानी असली तं सोन्याहून पिवळं."

"वर्ण?"

हा प्रश्न पार्बताबाईला जरा नवा वाटला, पण ज्वारीचं काय, ती पांढरी असते आणि पिवळीही असते. "पांढरी भेटली तं बेस. नाई तं पिवळी बी चालते. पोटात गेल्यावर कोन पाहते?"

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी वऱ्हाडी म्हण समजून सोडून दिलं. "तुमच्या पाहण्यात आहे का?"

"घरीच हाय नं. तुमी म्हनत असान तं उद्याच तयार करून ठेवतो."

"ठेवा," डॉक्टर म्हणाले. ते जरा अवघडले होते. "मी घरच्यांशी बोलतो."

पार्बताबाई घरी आली ती पळतच. घरात संक्रांतीपर्यंत पुरेल एवढी ज्वारी होती. पुढं गाडीच यायची होती, म्हणून तिनं तेवढीच राखून ठेवली होती. ती सगळीच्या सगळी तिनं ओट्यावर ओतली. डॉक्टरनं सांगितलंय, वकिलाचं घर आहे, एकदा या घरानं कण्या खाल्ल्या तर चूल टिकली. नाही खाल्ल्या तर? तर संक्रांतीऐवजी उद्याच गाडी बोलवावी लागेल. तिनं जात्याच्या खुंटीत चिंधी घातली आणि बसली. त्या दिवशी गल्लीनं पुष्कळ दिवसांनी आपल्या नावाचा उद्धार ऐकला आणि सगळ्यांना बरं वाटलं.

इकडे डॉक्टरांनी अकोल्याला कुंदाताईंना पत्र टाकलं. वडिलांची खबर कळवत जा असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. 'प्रकृती चिंताजनक नाही. परंतु येथील एका अनुभवी वृद्धेचे असे ठाम मत आहे की त्यांना कन्या दिल्यावाचून उतार पडणार नाही. विवाहाचा विचार आपण मोकळ्या मनाने करावा. सदर बाईंच्या घरीच एक कन्या असून ती अंगाने धडधाकट आहे असे समजते.'

पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंदाताई बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीत दाखल. टांग्यातून उतरल्या त्या थेट दिवाणखान्यात.

"अण्णा, या वयात लग्न?"

मोरोपंत आरामखुर्चीत पाय वर घेऊन पडले होते. ते ताडकन उठून बसले. "कोणाचं?"

"तुमचं!"

आता खरं म्हणजे त्यांनी साफ इन्कार करायला हवा होता. पण माणूसच तो. त्यांच्या तोंडून आधी निघालं ते, "मुलगी कुठली आहे?"

यावर जो भडका उडाला तो लिहीत नाही. एवढंच सांगतो, की आचाऱ्यानं तो दाराआडून ऐकला, अंगणातलं बोलणंही त्यानं आधी ऐकलेलंच होतं, आणि दुपारच्या आत सगळं कोर्टात पोचलं. बाररूममध्ये पंचवीस वकील. त्यांना दुसरं काय हवं होतं? "मोरोपंतांना कन्या पाहताहेत!" "जाडीभरडी आहे म्हणे!" "आणि पिवळी!"

कुंदाताईंनी डॉक्टरांना बरोबर घेतलं आणि पार्बताबाईचं घर गाठलं. पार्बताबाईनं कुंदाला परकरात पाहिलेलं. ती हरखून पुढं आली. "कुंदे! कवा आली वं?"

"पार्बताबाई, ते राहू द्या. कुठं आहे ती?"

"कोन?"

"कन्या!"

"आत हाय नं. धुऊन-पुसून ठेवली. ये, पाहून घे."

कुंदाताई दात-ओठ खात आत शिरल्या, मागून डॉक्टर. आत कोणी नव्हतं. चुलीशेजारी सुपात पांढऱ्याशुभ्र कण्यांचा ढीग होता, शेजारी अजून एक टोपली भरलेली.

"कुठं आहे?" डॉक्टर म्हणाले.

"हे का, तुमच्या पुढ्यात. पसाभर घेऊन पाहा, खडा सापडला तं नाव बदलीन."

कुंदाताईंनी सुपाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि त्या मटकन खाली बसल्या. आधी खांदे हलायला लागले. मग हसू असं फुटलं की डोळ्यांतून पाणी. "कण्या! डॉक्टर, कण्या हो! ज्वारीच्या कण्या! 'ण'!"

डॉक्टरांचा चेहरा त्यांच्या नळीतल्या औषधासारखा निळ्याचा विटकरी झाला. पार्बताबाईला काय झालं ते समजावून सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला. "बाप्पा बाप्पा! मी वकीलसायबासाठी सोयरीक पाहून राहिली होती!" तीही हसली. पण मधेच थांबली. "मंग... डाक्टरसायेब, तुमी हे सांगितलंच नव्हतं? म्या तं घरातली सारी ज्वारी भरडली."

हसू विरलं. डॉक्टर खाली पाहू लागले. कुंदाताईंनी ज्वारीचं रिकामं पोतं पाहिलं, कोपऱ्यात बांधून ठेवलेलं गाठोडं पाहिलं, आणि त्यांना न सांगता बरंच कळलं. लहानपणी आईची नजर चुकवून त्या याच चुलीपाशी बसून ताकातल्या कण्या खायच्या. घरी कळलं असतं तर मार पडला असता. त्यांनी पसाभर कण्या उचलल्या, नाकाशी नेल्या आणि म्हणाल्या, "पार्बताबाई, चूल पेटवा. आणि हे सगळं मी घेऊन जाणार आहे."

घरी मोरोपंतांनी मात्र ताट बाजूला सारलं. "कण्या? मी? लोक म्हणतील वकिलाचं दिवाळं निघालं!"

"अण्णा, लोक सध्या काय म्हणताहेत ते ठाऊक आहे का? तुम्ही अठरा वर्षांची मुलगी करताय!" कुंदाताईंनी बाररूमची सगळी हकीकत ऐकवली. मोरोपंत घामाघूम झाले. इन्कार करावा तर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे तीस वर्षं इन्कार ऐकणाऱ्या माणसाला सांगायला नको. पुरावाच हवा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मोरोपंतांनी बाररूमच्या मोठ्या टेबलावर पितळी डबा ठेवला, झाकण काढलं, आणि पंचवीस वकिलांच्या समोर उभं राहून म्हणाले, "मित्रहो, ज्या कन्येची आपण चौकशी करता ती ही." ताकात शिजलेल्या कण्या, वर लसणाची फोडणी, बाजूला अंबाडीची भाजी. त्यांनी पहिला घास घेतला तो फाशीची शिक्षा झालेल्याच्या चेहऱ्यानं. दुसरा घेताना भुवया वर गेल्या. तिसऱ्यानंतर त्यांनी डबा जवळ ओढला. एका ज्येष्ठ वकिलांनी "जरा नमुना" म्हणून चमचा पुढं केला. त्यांनाही कण्या खाऊन चाळीस वर्षं झाली होती, आणि त्यांचंही पोट धरलेलंच होतं. खरं तर त्या खोलीत पोट न धरलेला माणूस शोधावा लागला असता.

पुढं काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. मोरोपंतांचं पोट चौथ्या दिवशी मोकळं झालं आणि त्यांनी ही बातमी जिल्हा न्यायाधीशांनाही सांगितली. साखर, पुऱ्या, भात खरोखर बंद झाले, जोडीला कुंदाताईंनी बग्गी बंद करून त्यांना पायी कोर्टात पाठवलं. महिन्याच्या आत नळीतलं निळं औषध तापवल्यावर विटकरी न होता हिरवट राहू लागलं. डॉक्टर गोपाळकृष्ण आता चिठ्ठीवर 'कण्या' असं लिहायचे आणि 'ण'खाली दोन रेघा ओढायचे. कण्या खाणाऱ्यांत वकील झाले, मास्तर झाले, मग सावकार, मग पेठेतले दोन भटजी. जाडंभरडं खाणं ही एकदम मोठ्या लोकांची गोष्ट झाली.

बायका कण्यांसाठी गिरणीवर गेल्या. वलीनं दगड सैल करून पाहिले, आवळून पाहिले. एकदा नुसतं पीठ आलं, एकदा आख्खी ज्वारी जशी गेली तशी बाहेर. तिसऱ्या दिवशी तो टोपी काढून पार्बताबाईच्या ओसरीवर आला. "मावशी, हारलो. मायी अम्मी खुर्शीदबी, तिले बी डॉक्टरनं कन्या सांगितल्या. घरातच मागनी हाय अन् मायी मशीन नाई म्हनते."

पार्बताबाईनं त्याला पाटावर बसवलं, एक चांगली दणदणीत शिवी दिली आणि अम्मीसाठी शेरभर कण्या बांधून दिल्या. "पीठ तुयं, कन्या माह्या. गिऱ्हाईक येईन तं पाठवत जा."

एकटीच्या हातांना हे झेपणारं नव्हतं. गिरणीनं काही तिची एकटीची घरं नेली नव्हती. पलीकडच्या गल्लीतली आशाबाई होती, अजून तिघी-चौघी होत्या, जात्यांवर पोती टाकून बसलेल्या. पार्बताबाईनं सगळ्यांना जात्यांसकट बोलावलं, घरं वाटून दिली, आणि ओसरीच्या कोपऱ्यात एक मडकं ठेवलं. प्रत्येकीनं रोजच्या भरडणातली एक मूठ त्यात टाकायची. कोणाला ताप आला, कोणाचा हात दुखावला, कोणाच्या लेकीचं बाळंतपण निघालं, तर तिनं येऊन मडक्यातून लागेल तेवढं न्यायचं. का नेलं ते कोणी विचारायचं नाही, आणि अंगठा तर लावायचाच नाही.

मोरोपंतांचा निधी अजून समितीत होता. ते एकदा पायी येता येता ओसरीवर टेकले आणि मडक्याची व्यवस्था समजून घेऊन फार विचारात पडले. "बाई, याचा अध्यक्ष कोण?"

"मडकं," पार्बताबाई म्हणाली.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, असं म्हणतात. निदान त्यांच्या पुढच्या अर्जातून 'निराधार' हा शब्द गेला होता, एवढं खरं.

संक्रांत झाली. ठरल्याप्रमाणे चौथ्या दिवशी जानरावची गाडी गल्लीत शिरली. बैल सोडता सोडता त्याला बहिणीचा आवाज ऐकू आला, कोणाच्या तरी खडे असलेल्या ज्वारीचा उद्धार चालला होता. आत पाहतो तर तीन जाती एकदम फिरताहेत, सुपांचा फडफडाट चाललाय, आणि दारात कोर्टाचा पट्टेवाला डबा घेऊन ताटकळतोय.

"बाई, गाठोडं कुठी हाय तुयं?"

"सोडलं. हात-पाय धू, जेवाले बस."

तिनं पाट मांडला, ताट घेतलं. ताकातल्या कण्या वाढल्या, भाजी वाढली, तेलाची धार सोडली, आणि समोर बसून भावाला वारा घालू लागली. जानराव पाहत राहिला. बहिणीनं आपल्या घरी, आपल्या चुलीवरचं ताट त्याला वाढून किती वर्षं झाली होती, हे त्याला आठवेना. तो खेड्यातला साधा माणूस, त्याला एकच काळजी होती ती त्यानं विचारली.

"ते सारं बेस हाय. पन बाई, तू एकटी. उद्या थकली तं तुले कोन पाहीन? ना लेक, ना लेकरू."

पार्बताबाईनं मडक्याकडे पाहिलं, जात्यावरच्या बायकांकडे पाहिलं, आणि भावाच्या ताटात अजून एक डाव घातला.

"लेक नसन बाप्पा," ती म्हणाली. "कन्या हायेत नं माह्या."

गाडी रिकामी गेली नाही. तिच्यातून भावजयीसाठी वाणाचं लुगडं गेलं, आणि जानरावच्या डोक्यात दोन पोती गावरानी ज्वारी लवकर पाठवायचा निरोप.